अखंड फळ आणि चिरलेले फळ

शरद ऋतू लागला आहे. बाजरीची कणसे खुडून झाली, मोहटादेवीच्या नवरात्रातील गर्दी ओसरली, आणि पाथर्डीकडे येणाऱ्या रस्त्यांच्या कडेला पाट्या घेऊन बसलेल्या बायाबापड्या दिसू लागल्या. पाटीत गर्भगिरीच्या उतारावरून तोडून आणलेली सीताफळे असतात. कोठे परड्यातले पेरू, कोठे बागेतली मोसंबी व डाळिंबे असतात. बोरांस अजून थोडा अवकाश आहे, पण बोरी हिरव्या फळांनी लगडल्या आहेत. ज्या तालुक्यास लोक दुष्काळी म्हणून ओळखतात, त्या तालुक्यात वर्षातून हे थोडे आठवडे असे येतात की गरिबाच्याही दारी काहीतरी गोड पिकलेले असते.

याच दिवसांत पुष्कळ घरी फळांची कोशिंबीर होते. लग्नाच्या पंगतीत दुधात कालवून जो प्रकार वाढतात त्यास सर्व लोक फ्रूट सॅलड म्हणतात, व तेच नाव आता घरोघर रूढ झाले आहे. नावाविषयी आमचा काही वाद नाही. आम्हांस विचार करावयाचा आहे तो निराळ्याच गोष्टीचा. फळ चिरावे केव्हा, चिरावे कोणासाठी, आणि चिरल्यावर ते कोणाचे? हा प्रश्न वरवर स्वयंपाकघरातला दिसतो. तथापि थोडे खोल पाहिल्यास तो नीतीचाच प्रश्न आहे, असे वाचकांच्या प्रत्ययास येईल.

अखंड फळ व चिरलेले फळ यांत केवळ विळीचा फरक नाही. अखंड फळ हा माल आहे. तो मोजता येतो, तोलता येतो, पाटीत रचता येतो, उद्यावर ठेवता येतो आणि अनोळखी मनुष्यास विकता येतो. चिरलेले फळ मात्र बाजारातून कायमचे उठले. पेरूची फोड पाहता पाहता काळवंडू लागते, केळ्याची चकती त्याहून लवकर. सीताफळाचा उघडलेला गर संध्याकाळपर्यंतही आपली चव राखीत नाही. ते आता खाल्लेच पाहिजे, आणि एकट्यास संपत नसेल तर वाटलेच पाहिजे. म्हणून आम्ही म्हणतो, अखंड फळ हा माल व चिरलेले फळ हा वाटा. दोहोंसही संसारात स्थान आहे. परंतु ज्या घरात सगळे फळ नेहमी अखंडच बाहेर जाते आणि आत कधी चिरले जात नाही, त्या घरात काही उणे आहे की नाही, हे आज पाहावयाचे आहे.

आपल्या खेड्यांतील रीत वाचकांस ठाऊकच आहे. फळे उतरवली की प्रथम निवड होते. मोठे, डौलदार, डाग नसलेले फळ पाटीच्या वर. मध्यम ते खाली. आणि जे फुटले, दबले, पाखराने टोचले किंवा किडीने पोखरले ते घरात. पोरे तेच खातात. वर्षामागून वर्षे असेच चालते. ज्या बाईने काटेकुटे तुडवून डोंगरावरून सीताफळे आणली तिने अख्खे निर्मळ सीताफळ स्वतःसाठी उघडले असे बहुधा घडत नाही. बागेत डाळिंब तोडण्यास जाणाऱ्या मजुरांचीही तीच कथा. ती डाळिंबे पेट्यांत भरून मुंबईस जातात, आखाती देशांत जातात, युरोपातही जातात. पण ज्या हातांनी ती कात्रीने हळुवार तोडली त्या हातांत त्यांतले एक तरी चांगले दाणेदार फळ कोणी ठेवले काय?

येथे कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे हलके नव्हे, की गरिबाने गोडाची चैन करू नये. ज्या घरी किराण्याची उधारी थकली आहे, पोराच्या शाळेचा खर्च डोक्यावर आहे, आणि मुकादमाची उचल घेतलेली आहे, तेथे एक सीताफळ खाणे म्हणजे तेवढा पैसा खाणे होय. पोट भरलेल्या माणसाने अशा बाईस, विकू नकोस, खा, असे सांगणे म्हणजे तिच्या जखमेवर शहाणपण चोळण्यासारखे आहे. आम्ही हा आक्षेप पूर्णपणे मान्य करतो. औषधासाठी पैसा हवा असेल तर पाटी शेवटच्या फळापर्यंत विकावी. त्यात दोष तर नाहीच, उलट ते कर्तव्य आहे. काटकसर हा गरिबाचा किल्ला आहे, आणि तो पाडण्यास आम्ही निघालो नाही.

परंतु काटकसरीचाही हिशेब नीट मांडला पाहिजे. पाटी विकून आलेल्या पैशांतून बाजारच्या वाटेवर काय विकत घेतले जाते? पोरांसाठी बिस्किटांचा पुडा, रंगीत गोळ्या, तळलेल्या चकत्यांची पिशवी. घरी कोणी आजारी असेल तर दूरच्या थंड मुलुखातून आलेले सफरचंद. कारण आजाऱ्यास सफरचंद द्यावे अशी समजूत पक्की बसली आहे. आता पाहा, शंभर ग्रॅम पेरूत क जीवनसत्त्व २०० मिलिग्रॅमच्या आसपास असते, आणि तेवढ्याच सफरचंदात ते १० मिलिग्रॅमही भरत नाही. म्हणजे आपण अधिक गुणाचे फळ स्वस्तात विकले आणि उण्या गुणाचे महागात आणले. सफरचंद वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. पण आपल्या परड्यातले ते हलके आणि पेटीतून आलेले ते भारी, हा हिशेब वहीत बरोबर दिसला तरी घरात चुकीचा ठरतो.

याहूनही मोठी हानी निराळी आहे. जे मूल जन्मापासून फक्त टोचलेले, दबलेले फळच पाहते, ते हळूहळू एक धडा शिकते: चांगले ते दुसऱ्यांसाठी, उरलेसुरले ते आपल्यासाठी. हा धडा कोणी तोंडाने शिकवीत नाही; तो पाटी शिकवते. तोच मुलगा पुढे कामावर गेला म्हणजे मजुरी ठरवताना मान खाली घालतो, आणि तीच मुलगी पुढे स्वतःच्या घरी सर्वांस वाढून झाल्यावर पातेले खरवडून खाते. आपल्या कष्टाच्या चांगल्या फळावर आपलाही हक्क आहे, हे लहानपणी एकदा तरी जिभेला कळले पाहिजे. यास चैन म्हणणे योग्य नव्हे. तो स्वाभिमानाचा पहिला घास होय.

निसर्गाने या बाबतीत सीताफळास मोठे शिक्षक केले आहे. ज्वारी कणगीत राहते; पूर्वी पेवात वर्षानुवर्षे राहत असे. धान्य साठवता येते म्हणून धान्याचा सावकार होतो. सीताफळाचा सावकार कोणास होता येत नाही. डोळे उघडून त्यांच्यामधील फटी पिवळसर पांढऱ्या दिसू लागल्या की फळ तोडणीस आले असे समजतात. तोडल्यावर दोन-चार दिवसांत ते मऊ होते आणि त्यापुढे फार थोडा वेळ थांबते. थंड पेटीत ठेवावे तर साल काळी पडते व गर नीट पिकत नाही. त्याचा गर आटवू जावे तर तो कडवट होतो. म्हणजे ते साठवू देत नाही आणि शिजवूही देत नाही. पिकले की खा, नाही तर दुसऱ्यास दे, एवढेच ते जाणते. आणि हे झाड उगवते कोठे? खडकाळ माळावर, जेथे दुसरे काही धड येत नाही. उन्हाळ्यात ते आपली पाने गाळून पाण्याचा खर्च आटोक्यात ठेवते. शेळ्याही त्याच्या पाल्यास सहसा तोंड लावीत नाहीत. म्हणूनच उघड्या डोंगरावर ते टिकले. शेजारच्या बीड जिल्ह्यातील सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, यावरून या कोरड्या पट्ट्याची ही खरी संपत्ती आहे हे सरकारदरबारीही मान्य झाले आहे.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. १९९० साली महाराष्ट्र शासनाने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेशी जोडली. त्यामुळे ज्या लहान शेतकऱ्यास पदरमोड करून झाड लावणे शक्य नव्हते त्याच्याही बांधावर व माळावर सीताफळ, बोर, आवळा, डाळिंब उभे राहिले. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या लोकांच्या हालांतून जी योजना वाढीस लागली, तिच्याच पैशांतून पुढे ही झाडे आली. तेव्हा या फळांत एका घराच्या कष्टाबरोबर सर्व समाजाचाही वाटा आहे. ज्यास असे सार्वजनिक साहाय्य लाभले, त्याने आपल्या झाडाखालून जाणाऱ्या पोरावर दगड उगारण्यापूर्वी क्षणभर विचार करावा. प्राचीन इस्राएल लोकांच्या नियमशास्त्रात द्राक्षमळ्यात पडलेली फळे मालकाने वेचू नयेत, ती गरीब व परका यांच्यासाठी राहू द्यावीत, असा नियम होता. मालकी नाकारणारा हा नियम नव्हे. मालकीस कडा असते हे सांगणारा आहे.

आता कोशिंबिरीकडे वळू. कारण ज्या गोष्टीविषयी नीती सांगावयाची ती करावी कशी हेही सांगितले पाहिजे. चार-पाच माणसांच्या घरास दोन पिकलेली सीताफळे, एक मोठे डाळिंब, दोन पेरू, दोन मोसंबी व तीन-चार केळी पुष्कळ झाली. सीताफळ हाताने उघडावे, गर रोळीत किंवा मोठ्या भोकांच्या चाळणीत घ्यावा, आणि बोटांनी हलकेच फिरवून बिया वेगळ्या कराव्या. घाई करून तो बियांसह यंत्रात घालू नये. सीताफळाची बी विषारी असते, आणि तिच्या पुडीने डोळ्यांस इजा होते. डाळिंब अर्धे करून पालथे धरावे व वरून चमच्याने ठोकावे, म्हणजे दाणे मोकळे होतात. मधला पांढरा पडदा मात्र कसोशीने काढावा, कारण तो तुरट असतो. पेरूच्या बिया कठीण असतील तर म्हाताऱ्यांसाठी मधला भाग काढून घ्यावा. पेरूच्या व केळ्याच्या फोडींस लिंबाचे चार थेंब चोळले असता त्या लवकर काळवंडत नाहीत. मोसंबीचा रस अगोदर काढून ठेवू नये, तो कडवट होतो. ऐन वेळी काढावा.

सगळीच फळे एका पातेल्यात घालावी काय? येथे अनुभवाने शिकण्यासारखे आहे. दुधात मोसंबी पडली की दूध फाटते. पपई पडली की थोड्या वेळाने कडूपणा येतो. म्हणून जाणत्या बाया दोन पातेली करतात. एकात थंड दूध, सीताफळ, केळे व चिकू. दुसऱ्यात मोसंबीचा रस, पेरू व पपई, आणि वर चिमूटभर मीठ व भाजलेल्या जिऱ्याची पूड. डाळिंब तेवढे दोन्हींकडे चालते. साखर किंवा मीठ अगदी शेवटी घालावे. दोन्ही पदार्थ फळाचे पाणी ओढून घेतात, आणि लवकर घातल्यास फोडी मलूल होऊन तळाशी पाणीच पाणी साचते. यातही एक अर्थ आहे. सर्वांस बळेच एका भांड्यात कोंबले म्हणजे ऐक्य झाले असे होत नाही. ज्याचा स्वभाव जेथे टिकतो तेथे त्यास ठेवून, दोन्ही पातेली एकाच पंगतीत मांडणे, हेच बरे ऐक्य. आणि दोहोंकडे चालणारी डाळिंबासारखी माणसे ज्या गावात असतात ते गाव भाग्यवान समजावे.

या पातेल्यांत कोण कोण एकत्र आले आहे हेही पाहण्यासारखे आहे. सीतेचे नाव धारण करणारे सीताफळ मूळचे उष्ण अमेरिका खंडाचे. पेरू, पपई व चिकूही त्याच बाजूचे. डाळिंब इराणकडून आले. मोसंबीचे नाव आफ्रिकेतील मोझांबिकवरून पडले असे मानतात. या मातीतले म्हणावे असे बोर आपले काट्यांत उभे आहे, आणि त्याचे कोणाशी भांडण नाही. आलेल्या फळांस येथल्या लोकांनी पाणी घातले, निवडून वाढवले, नवी नावे दिली. पेरूच्या सरदार जातीची निवड १९२७ साली पुण्याच्या गणेशखिंडीच्या बागेत झाली; डाळिंबाच्या गणेश जातीची निवडही तेथेच १९३६ साली झाली; आणि आज ज्या भगव्या डाळिंबास मागणी आहे ते आपल्याच जिल्ह्यातील राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने शेतकऱ्यांपर्यंत पोचवले. परके कोण आणि घरचे कोण हे जन्मावर ठरत नाही, सांभाळण्यावर ठरते, याचा याहून सोपा दाखला कोणता द्यावा?

फळांच्या बाबतीत हे आपणांस सहज पटते. माणसांच्या बाबतीत पटण्यास इतका वेळ का लागावा? पूर्वीच्या शिवाशिवीचा नियम मोठा विचित्र होता. ज्याच्या घरचे पाणी चालत नसे, ज्याची भाकरी चालत नसे, त्याने आणून दिलेले अखंड फळ किंवा कोरडे धान्य मात्र बहुधा चालत असे. केळे सोलून दिले तर विटाळ. सालीसकट दिले तर विटाळ नाही! म्हणजे त्या मनुष्याचे कष्ट चालत होते, माल चालत होता. फक्त त्याचा हात चालत नव्हता. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोकांनी ओंजळभर पाणी घेतले ते या हाताच्या मानासाठीच. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि १९५५ साली ती पाळणे हा गुन्हा ठरवणारा कायदा झाला.

कायदा झाला हे मोठेच काम झाले. पण कायद्यास प्रत्येक घराच्या ओसरीवर बसता येत नाही. आजही असे पाहण्यात येते की शेजारी सणाला घरी येतो, गोड बोलतो, बंद डब्यातली मिठाई घेतो, सालीसकट केळे खिशात घालतो. पण आतून फळांचे वाडगे आले की म्हणतो, आत्ताच जेवून आलो. कोणी उघड काही बोलत नाही. वाडगे आणणारी सून मात्र ते समजते आणि मुकाट्याने परत नेते. वाचकहो, अखंड फळ घेण्यास धैर्य लागत नाही. चिरलेले फळ घेण्यास विश्वास लागतो: या घरच्या विळीवर, या घरच्या पाण्यावर, या घरच्या हातावर. म्हणूनच चिरलेल्या फळाचे वाडगे हे शेजारधर्माचे खरे माप आहे. आणि हे माप दुसऱ्यांस लावण्यापूर्वी आपणांसही लावावे. आपल्या मंडळ्यांतील घरे एकमेकांच्या वाडग्यातून खातात काय? जुन्या जातीची आठवण ठेवून एखाद्या ओळीतील घरी फक्त चहापुरते जाणे, तोही कागदी पेल्यातून, असे कोठे होत असेल तर ते उपदेशाने झाकले जाणार नाही.

घराबाहेरचा भेद जसा, तसाच घरातलाही. कोशिंबीर वाढताना काय होते हे आपण कधी नीट पाहिले आहे काय? जड फोडी व डाळिंबाचे दाणे खाली बसतात. पातळ रस वर राहतो. वाढणारी बाई पुरुषांस व पाहुण्यांस वाढताना डाव तळापर्यंत घालून फोडी काढते, नंतर मुलांस वाढते, आणि शेवटी स्वतःच्या वाटीत जे ओतते ते नुसते गोड पाणी असते. कोणी तिच्यावर जुलूम केला नाही. तिने स्वतःच तसे केले. परंतु जी रीत आपोआप घडते ती न्याय्य असतेच असे नाही. उपाय अगदी साधा आहे. अगोदर घरातील माणसे मोजावी, तेवढी वाडगी ओळीने मांडावी, त्यांत वाढणारीचेही वाडगे असावे, पातेले तळापासून ढवळावे, सर्व वाडगी सारखी भरावी, आणि मगच पहिल्याने चमचा उचलावा. यास पैसा लागत नाही, वेळही फारसा लागत नाही; मात्र सवय मोडण्यास थोडे मन लागते. घरात समता आहे की नाही हे भाषणावरून कळत नसून शेवटच्या वाडग्यावरून कळते.

पाथर्डी तालुक्यास हा विचार या महिन्यात विशेष लागू आहे, आणि त्याचे कारण उघड आहे. सीताफळ पिकते तेव्हाच साखर कारखान्यांच्या गाळपाचे दिवस जवळ येतात. दिवाळीच्या मागेपुढे गावोगावचे कोयते निघतात. कोयता म्हणजे ऊस तोडणारे जोडपे. नवराबायकोस मिळून एका हत्याराचे नाव पडावे, यातच त्यांच्या जिण्याचे वर्णन आले. ट्रक व ट्रॅक्टर भरून माणसे, बैल, भांडी, लहान लेकरे पश्चिमेकडील उसाच्या मुलुखात जातात आणि पाच-सहा महिने कोपीत राहतात. घरी म्हातारी माणसे व शाळेत जाणारी पोरे मागे राहतात. अर्थात डोंगर फळांनी भरतो आणि वाडी माणसांनी रिकामी होते, असे हे दोन प्रवाह एकाच आठवड्यात उलट दिशांनी वाहतात. मृगाच्या बहराची डाळिंबे व चांगली बोरे घरी येतील तेव्हा ती खाण्यास घरचे कर्ते माणूस नसेल.

या उलट्या वाहण्यास कोशिंबिरीने थांबवता येणार नाही, हे आम्ही जाणतो. त्यास पाणी पाहिजे, वर्षभराचे काम पाहिजे, उचलीच्या जाचातून सुटका पाहिजे. त्यांविषयी बोलण्याचे प्रसंग पुष्कळ आहेत व येतील. परंतु मोठे काम होईपर्यंत लहान काम थांबवावे असा नियम नाही. निघण्यापूर्वीच्या दिवसांत पाटीतली दोन चांगली सीताफळे, वरच्या थरातली, खालच्या नव्हेत, बाजूस काढावी. एक डाळिंब फोडावे. आणि सर्व घराने एकत्र बसून खावे. आईबापांनी सहा महिन्यांच्या वाटेस लागण्यापूर्वी मुलांच्या वाडग्यात आपल्या डोंगराचे निवडक फळ स्वतःच्या हाताने घालावे. त्या मुलांस पुढे पुष्कळ दिवस आजीच्या हातचे जेवावयाचे आहे. आपण या घरात उरलेसुरले नव्हतो, एवढी खूण त्यांच्याजवळ राहू द्यावी.

आणि जे मागे राहणार आहेत त्यांचेही कर्तव्य आहे. ज्या शेजाऱ्याचे घर कुलूपबंद झाले त्याच्या म्हाताऱ्या आईस आपल्या पातेल्यातले एक वाडगे रोज नाही तरी आठवड्यास पोचवावे. तिला दात नसतील. सीताफळास दात लागत नाहीत. ज्यास बाग आहे त्याने तोडणीच्या दिवशी मजुरांच्या जेवणापाशी चांगल्या प्रतीच्या डाळिंबांतून काही फोडून ठेवावी. डागी फळे तर ते नेतातच, त्यांत दातृत्व नाही. जो विकत घेणारा आहे त्याने रस्त्यावरच्या बाईशी पाच रुपयांसाठी घासाघीस करताना, तिच्या पाटीचा वरचा थर कोणाच्या तोंडचा काढलेला आहे हे स्मरावे. गरिबाने आपल्या मुलांसाठी दोन फळे राखावी असे म्हणावयाचे असेल, तर बाकीच्या फळांस पुरता दाम मिळाला पाहिजे. नाही तर आमचा सगळा उपदेश तिच्या डोक्यावरच्या पाटीत आणखी एक ओझे ठरेल.

मंडळीच्या हंगामाच्या सणाविषयी एक सूचना करून हा लेख पुरा करतो. त्या दिवशी लोक आपल्या शेतातील धान्य, भाज्या, फळे घेऊन येतात, आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. लिलावात ज्याच्या खिशात पैसा असतो तो सर्वांत सुंदर फळे घरी नेतो, आणि ज्याने ती आणली तो बहुधा पाहत उभा राहतो. लिलावाच्या उत्पन्नातून चांगली कामे होतात. तो बंद करावा असे आम्ही म्हणत नाही. परंतु लिलाव सुरू होण्यापूर्वी फळांची एक चांगली पाटी बाजूस काढावी. ती मंडपातच चिरावी. विळीवर पुरुषांनीही बसावे. दुधाचे एक व रसाचे एक, अशी दोन पातेली करावी, तळापासून ढवळावी, आणि देणारा व घेणारा, बागवाला व मजूर, राहणारा व जाणारा, या सर्वांनी एका पंगतीत खावे. गावातील इतर लोकांसही बोलवावे. पाटी किती रुपयांची होती याची नोंद वहीत झाली नाही तरी चालेल.

यंदा ज्या मंडळ्यांतील कुटुंबे दिवाळीनंतर लगेच निघणार असतील, त्यांनी हा सण थोडा अलीकडे घ्यावा. सीताफळही फार दिवस थांबत नाही, आणि मुकादमाची गाडीही थांबत नाही.